एका घराचा फरक

"मास्तर गेले," असं पद्माक्का फोनवर म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठं?" येलहंक्याच्या दुकानातून ते अस्तर, बटणं आणायला सारखे बंगळुराच्या पेठेत जायचे, मला तेच वाटलं. मग कळलं. आज दीड महिना झाला. त्या प्रश्नाची लाज अजून जात नाही. बसलो तर उठावंसं वाटतं, उठलो तर कुठं जायचं ते सुचत नाही.

मास्तर म्हणजे नरसिंगराव, पद्माक्काचे यजमान. शिंपी म्हणून मास्तर, आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षं गिटार वाजवली म्हणूनही मास्तर. पुढं लग्नांत कॅसेटी वाजायला लागल्या आणि ऑर्केस्ट्रा मोडला. मी चौथी शिकलेला. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला. रिटायर झाल्यावर एकदा पँट आखूड करायला गेलो, तर गिऱ्हाईक नाही म्हणून हे गिटार घेऊन बसलेले. न बघता त्यांची बोटं तारांवरून अशी चालत गेली की मला राहवेना. म्हटलं, "हे मला आलं पाहिजे."

"अण्णा, तुमची बोटं लोखंडाची. स्वल्प वेळ लागेल."

स्वल्प म्हणजे थोडा. तो थोडा वेळ दोन वर्षं चालला. त्यांनी आपली जुनी गिटार मला घरी दिली.

गाणं मला नकोच होतं. सा रे ग म, जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिल्या तारेपर्यंत, गिटारच्या मानेपासून पोटापर्यंत, न अडखळता. बस्स. मानेवरच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेला आम्ही घर म्हणायचो. बोटांचा एकच आकार शेजारच्या तारेवर तसाच चालतो. फक्त तिसरीवरून दुसरीवर जाताना सगळं एक घर पुढं सरकवावं लागतं. माझी बोटं तिथंच पडायची. रोज. लेथवर मी केसाएवढा फरक सोडला नाही आणि इथं अख्ख्या घराचा? मला वाटलं, बनवणाराच चुकलाय. घरी बसून दुसरी आणि पहिली तार अर्ध्या सुरानं चढवली. जुळलं की माप! एकच आकार, सहाही तारांवर. छाती काढून दुकानात गेलो, वाजवून दाखवलं. म्हटलं, "मास्तर, गिटार दुरुस्त केली."

त्यांनी ती मांडीवर घेऊन ऑर्केस्ट्रातला नेहमीचा कॉर्ड, सगळ्या तारा एकदम, छेडला. मांडणीवरून भांडी पडल्यासारखा आवाज. ब्लाउज न्यायला आलेली बाई कानांवर हात ठेवून हसायला लागली.

"अण्णा, एका बाहीसाठी अख्खा शर्ट उसवलात की हो!"

"मग शर्टच चुकीचा शिवलाय."

"नाही हो. कोपराशी कापड स्वल्प सैल सोडावं लागतं. हात वाकायला नको?"

ती बाई हसतच होती. मी गिटार उचलली. दारातून म्हटलं, "आता येईन तो बिनचूक वाजवायलाच."

"सरी अण्णा, ठीक. पण लवकर या."

गेलो नाही. तारा पूर्वी होत्या तशा परत लावल्या आणि चार महिने घासत राहिलो. दर रविवारी वाटायचं, आज जावं. दर रविवारी बोट त्याच वळणावर घसरायचं. मास्तरांची तब्येत बरी नाही, हे कानावर आलं तेव्हासुद्धा मी म्हटलं, आणखी आठ दिवस... बिनचूक म्हणालो होतो ना.

परवा गेलो. मशीनवर चादर टाकलेली. आतल्या खोलीत पद्माक्का अवरेकाळूच्या शेंगा सोलत होती. म्हटलं, "अक्का, वाजवू?"

"वाजवा की."

सहावी, पाचवी, चौथी, तिसरी... आणि थांबलो. बोट चुकीच्या घरात.

"तिथं तेही अडायचे," ती मान वर न करता म्हणाली. "रोज सकाळी. एक शिवी द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुम्ही विचारलंत कुठं?"

तिच्यासमोर शिवी कशी देणार? मनातल्या मनात दिली, चांगली सणसणीत, कुणाला ते माझं मला ठाऊक. आणि बोट परत सहाव्या तारेवर ठेवलं.