भिजवलेल्या गवताचं पाणी

घोडी बाभळीला अंग घासत होती, आणि सालीवर तिचे केस आणि रक्त चिकटलं होतं. मी नोकरीला इंदापूरला असते. त्या शनिवारी बारामतीला एसटी बदलून सुप्याच्या पुढे आमच्या वस्तीवर पोचले, तेव्हा हे पहिल्यांदा बघितलं. मानेखाली, पोटाला, शेपटीच्या मुळाशी कातडी सोलून निघाली होती. आबा शेजारी उभे राहून उपरण्याने माशा हाकत होते.

"आठ दिस झालं," एवढंच म्हणाले.

आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर मेंढरांमागे चालले. माझ्या कॉलेजसाठी त्यांनी निम्मी मेंढरं विकली, गुडघे गेल्यावर उरलेलीही. घोडी तेवढी ठेवली. मी चौथीत असताना ती शिंगरू होती. पुढे आमचं अख्खं बिऱ्हाड तिच्या पाठीवर असायचं, वर कोंबड्या आणि चालून दमलेली कोकरं. बारामतीच्या वसतिगृहात राहायला निघाले, तेव्हा माझी पत्र्याची पेटी फाट्यापर्यंत तिनंच वाहिली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे, पण पेटी मी उचललेली नाही.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी खुरांना हात लावून बघितला. खूर गरम होते. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. मी शिकलेली, म्हणून मला.

"हिच्या पोटात गोड फार गेलंय," ते म्हणाले. "कातडी मुळातच नाजूक आहे. ती त्यामुळेच चिडली असं मी छातीठोक सांगणार नाही, पण खुरांचं त्यामुळेच. उसाचं वाढं बंद, गूळ बंद, कारखान्याची गोड मळी घातलेली पेंड बंद. वाळलेलं, काडीचं गवत द्या, तेही तासभर पाण्यात भिजवून. साखर पाण्यात उतरते. खूर असेच तापत राहिले, तर एक दिवस ती बसेल आणि उठणार नाही."

सोमेश्वरनगरकडून मामा ट्रॅक्टरमधून वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा पाला, पाठवायचा. हिरवंगार, रसाळ. घोडीनं जन्मभर वाटेवरचं खुरटं गवत खाल्लेलं. म्हातारपणी तिचं नशीब उघडलं, असं आबांना वाटायचं. मी ते बंद करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाढं शेजाऱ्याच्या गाईंना घालून आले.

इंदापूरच्या बाजारात मी पशुखाद्याच्या दुकानात एकेक पोतं फिरवून मागचं बारीक अक्षर वाचत होते. दुकानदार चाचा गल्ल्यावरून बघत होते.

"ताई, परीक्षा हाय का उद्या?"

"चाचा, या सगळ्यात मळी आहे."

"मळी न्हाय तर जनावर तोंड लावंल का?"

"गोड नसलेलं पाहिजे. घोडीसाठी."

"शुगर झाली काय घोडीला?" दुकानातले सगळे हसले. "कारखान्याच्या मुलखात येऊन बिनसाखरेचं मागतीया! अगं, हितं पाहुण्याला बी बिनसाखरेचा चहा मिळत न्हाय."

मीही हसायचा प्रयत्न केला आणि तिथंच डोळे भरून आले. चाचा गल्ल्यावरून उतरले. आवाज उतरला त्यांचाही.

"पोतं घेऊच नको बेटा. माळरानाचं गवत बघ. उशिरा कापलेलं, पिवळं पडून निस्ती काडी झालेलं. त्यात काय बी नसतं, म्हणून तर कुणी घेत न्हाय."

तसं गवत मिळवून वस्तीवर पाठवलं. घरी फोन करून आबांना सांगितलं, "एवढंच द्यायचं. सकाळ-संध्याकाळ तासभर भिजवून, निथळून. दुसरं काही नाही."

"व्हय," आबा म्हणाले.

तीन आठवडे गेले. दर शनिवारी मी आशेनं वस्तीवर उतरायची आणि घोडी आधीपेक्षा वाईट दिसायची. नव्या गांधी उठलेल्या, जुन्या जखमा ओल्या. चालताना ती पुढचे पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे ठेवू लागली. आईनं लिंबाचा पाला उकळून तिचं अंग धुतलं. मी फोनवर मिळेल ते वाचत होते. शेवटी माझ्या मनाला एकच उत्तर सापडलं, आणि ते मी बोलून दाखवलं.

"आबा, तुम्ही चोरून गूळ देताय तिला."

आबांनी माझ्याकडे बघितलं. उठून देव्हाऱ्यातला भंडारा चिमटीत घेतला, कपाळाला लावला.

"ह्याची आण. तू सांगितलंस त्या दिसापास्नं गुळाचा खडा दावला न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मनातला संशय गेला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी मुद्दाम लवकर उठून गोठ्यापाशी थांबले. आबांनी कापलेल्या पिंपात गवत बुडवलं. तासाभरानं काढून काठीवर निथळत ठेवलं. पिंपात कोऱ्या चहासारखं पाणी राहिलं होतं. ते त्यांनी बादलीनं काढलं आणि एक थेंब न सांडता घोडीच्या दगडी डोणीत ओतलं. घोडी मान खाली घालून गटागटा पिऊ लागली.

"आबा! हे पाणी रोज पाजता?"

"मग? टँकरचं पाणी हाय, फेकून द्यायचं?" मग जरा हसून म्हणाले, "आवडीनं पिती बग. साधं पाणी ठिवलं तर नाक मुरडती."

मी डोणीतलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं. किंचित गोड होतं.

"साखर ह्याच्यात उतरते, आबा. त्यासाठीच भिजवायचं होतं."

ते डोणीकडे बघत राहिले. "म्हंजी मीच पाजत हुतो."

"नाही. मी तुम्हाला सांगितलंच नाही." डॉक्टरांनी मला कारण सांगितलं होतं. मी आबांना फक्त काम सांगितलं. पंधरा वर्षं त्यांनी मला शिकवलं, आणि एक वाक्य मला त्यांच्यापर्यंत पोचवता आलं नाही. वर चोरीचा आळ घेतला.

त्यांनी डोण कलंडवायला हात घातला. ती जड होती. मी दुसरी बाजू धरली. पाणी मातीत जाताना घोडी ओल्या जमिनीला तोंड लावू लागली, आणि आबांनी तिची मान छातीशी ओढून धरली.

आता ते पाणी लिंबाच्या बुंध्याला जातं. ओतताना आबा घोडीकडे पाठ करतात, असं आई सांगते. मानेवरच्या दोन जखमांना खपली धरलीय. खुरांबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. आबा मात्र आता मी काहीही सांगितलं की आधी विचारतात, "का?"

काल संध्याकाळी फोन केला.

"दुपारी बसली हुती," आबा म्हणाले.

"मग?"

"उठली."

"किती वेळानं, आबा?"

पलीकडून माशा हाकणाऱ्या उपरण्याचा आवाज तेवढा येत होता.

"उठली," ते म्हणाले.