सुभेदारांचा पहारा

सुभेदारांना बसलेलं मी फार क्वचित पाहिलं. झाशीच्या नगरा वस्तीतल्या टपरीवर ते चहा उभ्याने घेत. वर्तमानपत्र उभ्याने वाचत. लग्नाच्या मांडवात कुणी खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी उभे राहत. जेवताना आणि न्हाव्याकडे तेवढं नाइलाजाने बसत. मी एकदा कारण विचारलं. "बसलेल्या माणसाला कुणी काम सांगत नाही," ते म्हणाले. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांना काम सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तरीही ते उभे असत.

गल्लीत सगळे त्यांना 'मेजर साब' म्हणत. ते दर वेळी दुरुस्ती करत. "मेजर नहीं भैया, सूबेदार. झूठी तरक्की मत दो." भाजीवाला हसून "ठीक है मेजर साब" म्हणे आणि कोथिंबीर जास्तीची टाके.

मूळचे ते सातारा जिल्ह्यातले. शेवटची बदली झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत होती, तेव्हा त्यांनी नगऱ्यात हे दुमजली घर बांधलं. निवृत्तीनंतर गावी परत जायचं ठरलं होतं, पण त्याआधीच पत्नी वारली. "ती इथं गेली. आता मी कुठं जाऊ," एवढंच ते त्यावर बोलत. वरचा मजला त्यांनी मला भाड्याने दिला. मी इथल्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. माझी ड्युटी संध्याकाळी सुरू होते, त्यामुळे दुपारी घरात आम्ही दोघेच असू. माझं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं. मराठी घरात बोललं जातं, पण मधेच हिंदी येतं आणि काही शब्द फार जुने. मी कपाटाला फडताळ म्हटलं की ते खूश होत. "संपादकजी, तुमचं मराठी म्हणजे पेशव्यांचं विसरलेलं सामान. घेऊन जायला कुणी आलंच नाही." मी संपादक नव्हतो. माझी बढती मात्र त्यांनी कधी दुरुस्त केली नाही.

त्यांचा मुलगा निखिल बेंगळुरूला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होता. रोज सकाळी सुभेदार अंगणात उभं राहून त्याला फोन करत. पहिला प्रश्न ठरलेला. "उठलास का?" दुसरा, "जेवण कसं आहे?" निखिल 'हो' आणि 'ठीक' अशी उत्तरं देई. फोन ठेवल्यावर ते काही वेळ नळाकडे बघत राहत. जेवणाबद्दल त्यांचं एक मत पक्कं होतं. लंगरमधली, म्हणजे फौजी भटारखान्यातली, डाळ पातळ आहे, रोटी कच्ची आहे, अशी कुरकुर करणारा जवान शाबूत असतो. "जो सगळं ठीक आहे म्हणतो ना, त्याच्यावर नजर ठेवायची. त्याला रात्रीच्या ड्युटीवर एकटा पाठवायचा नाही."

एका दिवाळीला निखिल आला. बारीक झाला होता. नोकरी सोडली होती, पण ते त्याने आल्यावर दोन दिवसांनी सांगितलं. बहुतेक वेळ झोपून असे. सुभेदार दाराशी उभं राहून म्हणत, "चल, किल्ल्यापर्यंत चक्कर मारून येऊ. बरं वाटेल." तो "हो बाबा" म्हणे आणि कूस बदले. बेंगळुरूला परत जाताना त्याने आपलं गेमचं यंत्र टीव्हीला जोडून ठेवलं. त्यावर एक गेम होता. दोन मित्रांना घेऊन त्याने तो स्वतः केला होता. "बाबा, मला बोलता नहीं आता. ये खेलके देखिए," असं त्याने अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत सांगितलं. मी जिन्यात होतो, म्हणून ऐकलं.

गेममधला मजकूर इंग्रजीत होता, त्यामुळे दुपारी मला खाली बोलावणं येऊ लागलं. सुभेदार टीव्हीसमोर पाय फाकवून उभे आणि हातात ते दोन दांड्यांचं रिमोट, बंदुकीसारखं छातीशी धरलेलं. गेममध्ये एक खोली आणि बिछान्यावर पडलेला एक माणूस. बटण दाबलं की त्याने उठायचं, दात घासायचे, चहा करायचा. शत्रू नाही, गोळीबार नाही, गुण नाहीत. फक्त तो माणूस उठत नसे. बटण जितक्यांदा दाबावं तितका तो जड होई. पडद्यावर एकच ओळ येऊन थांबे. मी ती वाचून दाखवली. "मी आता उठतो आहे."

"खोटं बोलतोय," सुभेदार म्हणाले.

"खोटं नाही. त्याला खरंच उठायचंय."

"मग उठत का नाही?"

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "आजारी आहे तर सिक रिपोर्टला जाऊ दे. डॉक्टर चिठ्ठी देईल, एक्सक्यूज ड्युटी. आजारी नाही तर कामचुकार आहे. तिसरं काय असतं?"

खेळ पुढे गेला तसे पडद्यावरचे रंग उतरू लागले. भिंत राखाडी झाली, खिडकीबाहेरचं झाड राखाडी झालं. सुभेदारांनी टीव्ही बिघडला असं ठरवलं आणि मेकॅनिकला बोलावलं. तो जवळच्या समथर गावचा, ओठांत कायम सुपारी. त्याने टीव्ही उघडला, फुंकर मारली, बंद केला, दुसरा चॅनेल लावून पाहिला. तिथे रंग झगझगीत होते. "दाऊ, टीवी में कछू खराबी नइयां," तो बुंदेलीत म्हणाला. मग पडद्यावरच्या माणसाकडे हनुवटी उडवली. "जो आदमी ही फीको पर गओ." म्हणजे हा माणूसच फिका पडलाय.

तो गेल्यावर सुभेदार टीव्हीच्या अगदी जवळ गेले. त्या माणसाच्या अंगावर एक राखाडी कांबळं होतं, कडेला काळा पट्टा. ते इतके दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पण ओळखलं नव्हतं. "हे माझं आहे," ते म्हणाले. "हॉस्टेलला निघाला तेव्हा दिलं होतं. फौजी कांबळं. थंडी आत येत नाही म्हणून सांगितलं होतं." रिमोट त्यांनी टीव्हीवर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले. चहा दोघांचा केला, पण स्वतःचा प्यायले नाहीत.

त्यानंतर ते त्या माणसाला कामचुकार म्हणाले नाहीत. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, 'जवान जखमी आहे, पण जखम कुठं आहे ते त्याला दाखवता येत नाही.' सकाळचा फोन मात्र तसाच चालू राहिला. "उठलास का?" हा प्रश्न आता हळू आवाजात येई. थंडी संपता संपता निखिलने फोन उचलणं बंद केलं. त्याच्या तिथल्या मित्राकडून कळलं, तो घरातच आहे, खोलीबाहेर येत नाही, डबा दाराशी ठेवला तर कधी घेतो, कधी नाही. सुभेदार दिवसातून किती तरी वेळा फोन लावत. घंटी वाजून बंद होई. ते पुन्हा लावत.

गेमचा पहिला भाग जिंकता येत नव्हता. तो नुसता संपला. दुसऱ्या भागात खेळणारा खोलीच्या बाहेर असतो. जिन्याचा चौक, बंद दार, दाराखालच्या फटीतून येणारी उजेडाची एक रेघ. घंटा वाजवता येते, हाक मारता येते, निघून जाता येतं. सुभेदार घंटा वाजवत. रेघ विझे. पुन्हा वाजवत. खेळ तिथेच संपे आणि पहिल्यापासून सुरू होई. फाल्गुनातल्या किती तरी दुपारी हेच चाललं. "दार तोडायचं बटण कुठलं?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हणालो, तसं बटण नाही. "असायला पाहिजे," ते म्हणाले. फोनवर आणि पडद्यावर ते एकच गोष्ट करत होते, हे त्यांना दिसत नव्हतं. मी ते सांगणं मला योग्य वाटलं नाही. माझा धंदा दुसऱ्यांच्या बातम्या लिहिण्याचा आहे.

एका दुपारी वीज होती, कूलर नुकताच काढून पुसून ठेवला होता. सुभेदारांनी घंटा वाजवण्याआधीच माझा फोन वाजला. गरौठ्याचा आमचा वार्ताहर गारपिटीची बातमी सांगत होता. मी बोलत होतो तेवढा वेळ त्यांनी शिस्तीने रिमोट खाली ठेवलं. फोन संपल्यावर मी सहज विचारलं, डोंगरावरच्या चौकीवर इतका वेळ नुसतं उभं राहून कंटाळा येत नसे का. ते सांगू लागले. पहाऱ्यावर काही करायचं नसतं, हेच नव्या पोरांना कळत नाही. ते हलतात, शीळ घालतात, उगाच बंदुकीशी खेळतात. "काही करायचं नाही. हलायचं नाही आणि जायचं नाही. आत झोपलेल्याला ठाऊक असतं, बाहेर कुणीतरी आहे. तेवढ्यावर तो झोपतो."

बोलता बोलता ते थांबले. दाराखालची रेघ रुंद झाली होती. पडद्यावर पावलांचा आवाज आला, अडखळत. कडी निघाली. दार हाताच्या रुंदीएवढं उघडलं.

"बटण कुणी दाबलं?" सुभेदारांनी विचारलं.

"कुणीच नाही."

त्यांनी खाली ठेवलेल्या रिमोटकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे हा परेडचा गेम नाही. पहाऱ्याचा आहे."

त्यांनी त्याच दिवशी ट्रंक काढली. आरक्षण मिळालं नाही. "उभ्याने जाईन," ते म्हणाले, आणि हा विनोद नव्हता. निघताना गेमचं यंत्र आणि रिमोट वर माझ्या खोलीत आणून ठेवलं. मी म्हणालो, मी गेम खेळत नाही. "खेळायचं कुठं आहे? चार्ज घ्या. चौकी रिकामी सोडत नाहीत." जिन्यात त्यांनी माझ्याशी हात मिळवला. एरवी ते नमस्कार करत.

बेंगळुरूहून ते दुपारी मला फोन करत. निखिलच्या मित्रांनी हॉलमध्ये जागा दिली होती. दार ते वाजवत नसत. सकाळी चहाचा कप दाराबाहेर ठेवायचा, बाजूला उभं राहायचं, थंड झाला की उचलायचा. "पोरं म्हणतात, अंकल बैठिए. आता ह्यांना काय सांगू." मी विचारलं, निखिलशी बोलणं झालं का. "त्याला ठाऊक आहे मी आहे." पुढे एकदा कळलं, कप रिकामा मिळाला. नंतर दार उघडलं. मग तो डॉक्टरकडे गेला. "मी नेलं नाही. त्याने चपला घातल्या, मीही घातल्या. मागून चालत गेलो." गोळ्या सुरू झाल्या. काही दिवस तो बाहेर येई, काही दिवस येत नसे. सुभेदार चांगल्या दिवसांची बातमी देताना आवाज चढवत नसत आणि वाईट दिवसांची देताना पाडत नसत. मी हाताखालच्या वार्ताहरांना हेच शिकवतो, पण ते त्यांना जमत नाही.

पावसाळ्यात एकदा फोन आला. ते आधी हवापाणी बोलले, भाजीवाल्याची चौकशी केली. मग म्हणाले, "आज म्हणाला, बाबा, चाय में चीनी बहुत है." मागे रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. मी थांबलो. तोवर मलाही थांबायचं कसं ते थोडं कळलं होतं. "कुरकुर करतोय, संपादकजी," ते अखेरीस म्हणाले. फोन त्यांनीच ठेवला.

ते झाशीला परतले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात सकाळी चहा करताना त्यांचं हृदय बंद पडलं. निखिलने मला फोन केला. "काका, बाबा गेले," एवढं तो मराठीत बोलला, बाकी हिंदीत. मी विचारलं, तू कसा आहेस. "ठीक नहीं हूँ," तो म्हणाला. "लेकिन उठ रहा हूँ."

खालचा मजला आता बबिन्याच्या एका फौजी कुटुंबाने घेतला आहे. त्यांचीही कधीतरी बदली होईल. भाजीवाल्याने काही दिवस मेजर साबची चौकशी केली. मी सांगितलं, तेव्हा त्याने तराजू खाली ठेवला आणि थोड्या वेळाने "सूबेदार साब थे," असं म्हणाला.

यंत्र माझ्याकडेच आहे. मी ते अधूनमधून लावतो. अलीकडे एका दुपारी, ड्युटीला निघण्याआधी, पडद्यावर सूचना आली की गेमची नवी आवृत्ती उतरवली आहे. पहिला भाग तोच आहे. दुसऱ्या भागात तोच चौक, तेच दार, तीच उजेडाची रेघ. दाराबाहेर आता एक खुर्ची आहे आणि जमिनीवर एक कप. मी रिमोट खाली ठेवलं. खुर्ची रिकामी आहे. तिच्या पाठीवर हात ठेवून एक म्हातारा माणूस शेजारी उभा आहे.