दुसरा नंबर मागताना

माझी बायको पुण्यात सरकारी वकील होती. तिने नुसतं चष्म्यावरून बघितलं तरी साक्षीदार गांगरायचे. माझ्या फार्मा कंपनीतल्या नोकरीपायी आम्ही आयर्लंडमधल्या नावन गावात आलो आणि ती एका वकिलाच्या ऑफिसात दुसऱ्यांनी केलेले मसुदे तपासायला लागली. "चालतंय रे," म्हणायची. कसलं चालतंय! चार माणसांसमोर उभं राहून बोलणारी बाई दिवसभर गप्प बसून घरी यायची आणि मला ते बघवत नव्हतं. त्यामुळे कौंटी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेच्या, निवडणुकीला अपक्ष उभी राहते म्हणाली, तेव्हा "तुला कोण मत देणार?" असा खवचटपणा मी सवयीने केला खरा, पण दुसऱ्याच दिवशी पत्रकं छापायला टाकली.

इथे निवडणुकीला उभं राहायला नागरिकत्व लागत नाही, रहिवासी असलं की पुरतं. सभा-मिरवणुकाही नसतात. उमेदवार स्वतः घरोघर जाऊन बेल वाजवतो. आमच्याबरोबर शेजारच्या निवृत्त शिक्षिका यायच्या. गावातली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे दारं पटापट उघडायची. पुढचं बायको बघायची. म्हणजे सरळ उलटतपासणीच करायची. रस्त्यावरचा दिवा कधीपासून बंद आहे? कुणाला सांगितलंत? ते काय म्हणाले? मी मागे पत्रकं धरून उभा, आता कुणीतरी दार लावून घेणार म्हणून घामाघूम. पण लोक खुलायचे. आपलं म्हणणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकतंय, याचंच त्यांना अप्रूप होतं.

आणि मग निरोप घेताना हमखास यायचं, "बाई, तू ग्रँड आहेस, पण माझं एक नंबरचं मत ठरलंय. माझा भाचाच उभा आहे." बायको हसून थँक्यू म्हणायची आणि आम्ही फाटकाबाहेर. कुणाचा भाचा, कुणाच्या आजोबांपासूनचा पक्ष. गल्लीच्या गल्ली अशी हातची जात होती आणि मी आतल्या आत धुसफुसत होतो.

एका संध्याकाळी शिक्षिकाबाईंनी फाटकाशीच आम्हाला अडवलं. "तू त्यांच्याकडे दोन नंबर का मागत नाहीस?"

इथे मतपत्रिकेवर फुली मारत नाहीत, नावांपुढे पसंतीक्रम लिहितात, एक, दोन, तीन. एका भागातून पाच-सात जण निवडून येतात आणि एक नंबरचा उमेदवार बाद झाला की ते मत दोन नंबरवाल्याला जातं. हे काय बायकोला माहीत नव्हतं? कलमासकट समजावून सांगितलं असतं तिने. पण मागायची लाज वाटत होती. शाळेत ती दुसरी आली की तिची आई एवढंच विचारायची, "पहिलं कोण आलं?" माझ्याही घरी वेगळं नव्हतं. आमच्याकडे दुसरा नंबर हा लपवायचा असतो, दारोदार जाऊन मागायचा नसतो.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "भीक मागितल्यासारखं वाटतं."

"अगं, पहिला नंबर लोक नात्याला देतात," बाई म्हणाल्या. "दुसरा माणूस बघून देतात."

पुढच्या घरातले गृहस्थ कुत्र्याला फिरवायला निघाले होते. त्यांचाही एक नंबर ठरलेला. बायको कानापर्यंत लाल झाली. मी पत्रकांत डोकं खुपसलं. "मग तुमचा दोन नंबर मला द्याल का?" ती म्हणाली.

"अर्थात देईन," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला नकोच आहे."

त्या दिवसानंतर तिने प्रत्येक दारात तो मागितला.

मतमोजणीच्या पहिल्या फेरीत आमची गाडी इतकी मागे होती की माझं तोंडच पडलं. "घरी जाऊ या," मी म्हणालो. तिने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि मी निमूट बसलो. मग एकेक उमेदवार बाद व्हायला लागला. तो भाचा गेला आणि त्याच्या मतांचे गठ्ठे दोन नंबरप्रमाणे वाटले जाऊ लागले. टेबलावर आमचा ढीग वाढत गेला. संध्याकाळी शेवटच्या जागेसाठी तिचं नाव पुकारलं, तेव्हा शिक्षिकाबाई टाळ्या वाजवत होत्या आणि मी सगळ्यांदेखत रडत होतो.

पुण्याला सासूबाई जाग्याच होत्या. फोन उचलल्या उचलल्या त्यांनी विचारलं, "पहिलं कोण आलं?"

"ते सोड गं आई. मी शेवटची आले!" बायको हसत सुटली होती. "शेवटची, पण निवडून आले."

मग त्या म्हणाल्या, "उद्या पेढे वाटते. कितवी आलीस ते नाही सांगत कुणाला."

"सांग की," बायको म्हणाली. "सगळ्यांना सांग."