वडनेरच्या मक्याची ताठ पानं

शेगावला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत कागदी टोप्या, सुतळी आणि शाळेतल्या कंपासपेटीतला चांदा होता. भाचीचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तिच्या संशोधनाचं एका दिवसाचं काम मामाच्या गळ्यात पडलं होतं. वडनेर भोलजीला रफीकभाईंच्या शेतात तिचा मका होता. ज्या झाडांची पानं ताठ, त्यांच्या कोवळ्या कणसांना केस फुटायच्या आत टोपी घालायची. परके पराग बसले की बियाणं वाया, आणि तिचं वर्षही.

पानं ताठ का, हे तिनं फोनवर तीनदा सांगितलं. पान खोडाला मिळतं त्या सांध्यात एक संप्रेरक झुकायचा निरोप आणतं. तिथलं ग्राही प्रथिन तो घेतं, सांध्याची वरची बाजू वाढते, पान बाहेर कलतं. प्रथिनच बिघडलेलं असेल तर निरोप दारात पडून राहतो आणि पान उभं. अशी झाडं दाटीनं लावता येतात. एसटीत बसेपर्यंत माझ्या डोक्यात यातलं 'ताठ' तेवढं उरलं.

रफीकभाईंनी भाकर-ठेचा खाऊ घातला आणि ते पाणी वळवायला गेले. शेताच्या वरच्या टोकाला सगळी पानं भाल्यासारखी उभी. खालच्या अंगाला मी गेलोच नाही. भर दुपारी चाळीस टोप्या बांधून धुऱ्यावर (बांधावर) ऐटीत बसलो. रफीकभाई परत आले.

"साहेब, याइले काऊन टोप्या घातल्या?"

"ताठ आहेत ना."

"ताठ नाही, तहानले हायेत. पाणी इथवर आलंच नाही. दुपारी पान गुंडाळून उभं राह्यते."

"पण मी कोन मोजला."

"तुमच्या चांद्याले तहान समजते का? पह्यले तुम्ही पाणी प्या. झुकता का पाहू."

त्यांनी पाणी वर वळवलं. मग खालच्या ओळींतली खरी ताठ झाडं बोटानं दाखवली. आठ होती. पाचांचे केस दुपारीच बाहेर आले होते.

"सकाळी घातली असती तं वाचली असती," ते हळूच म्हणाले. उरलेल्या तिघांना त्यांनीच टोप्या घातल्या.

दिवस कलला तशी वरची पानं सैल पडून झुकली. माझ्या चाळीसांतली तीन मात्र तशीच उभी राहिली.

परतीच्या गाडीतून मका दिसला की मी टक लावून पाही. कोण तहानलेलं, कोणाला निरोप पोचला नाही, काही म्हणता काही उमगेना. तेवढ्यात भाचीचा फोन आला.

"मामा, किती मिळाली?"

"सहा."

"सहांवर वर्ष निभावेल. त्यातली तू ओळखलेली किती?"

"तीन."

"कशी ओळखलीस?"

"सदतीस चुकीच्यांबरोबर."