देवमनभाऊंना चरबी चढली

मोर्शीच्या देवमनभाऊंच्या अंगावर सदरा असा लोंबायचा, जणू खुंटीलाच टांगलाय. पण खंजिरी हातात आली की हाच काटकुळा माणूस दोन-दोन तास भजनानं मंडप दणाणून सोडायचा. तीन वर्षांपूर्वी महाप्रसादाच्या पुऱ्या तळताना कढईतलं तेल डाव्या हातावर उडालं. जखम भरली, पण व्रण आवळत गेला आणि अंगठा तळव्याला चिकटून बसला. खंजिरी धरता येईना. मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीच्या भजनात ते मागच्या रांगेत बसून नुसती मान डोलवायचे.

अमरावतीच्या प्लास्टिक सर्जन रागिणीताईंनी हात तपासला. "तुमच्याच अंगातली थोडी चरबी काढायची, गाळायची आणि व्रणाखाली सोडायची. तिच्यात स्टेम सेल असतात. त्यांनी कातडी मऊ पडू शकते. हमी देत नाही, पण हात बराच सुटेल असं वाटतं."

मग त्यांनी पोटाला चिमटा घेतला, मांडीला घेतला आणि थांबल्या. "भाऊ, काढू कुठून?"

बायको मैनाबाई पुढे सरकल्या. "माही घ्या ना डाक्टरीणबाई. दोघाले पुरून उरन."

"दुसऱ्याची चालत नाही. यांचंच वजन चार किलो वाढवून आणा."

मैनाबाईंना तेवढंच हवं होतं. सकाळी शिरा, दुपारी तुपात बुडवलेले रोडगे, निजताना दूध.

"बस झालं वो," देवमनभाऊ कुरकुरायचे.

"तोंड काहून वाकडं करता? औषध हाय हे."

दोन महिन्यांनी शेजारच्या बंडूनं पारावर टोमणा मारला, "काय देवमनभाऊ, चरबी चढून राहिली वाटते!"

एरवी अशा बोलण्यावरून भांडण पेटलं असतं. देवमनभाऊंनी सदरा वर केला. "खरंच दिसते? कुठं दिसते, दाखव बरं."

दुसऱ्या दिवसापासून गुपचूप बंडूच केळी आणून द्यायला लागला.

चार नाही, साडेतीन किलो भरले. रागिणीताईंनी चिमटा घेऊन मान हलवली, "पुरेल."

ऑपरेशन झालं. पुढे सहा महिने मालिश आणि बोटांचे व्यायाम. व्रण हळूहळू सैल झाला, अंगठा तळव्यापासून सुटला, पण पुरता सरळ काही झाला नाही.

यंदा मोझरीला देवमनभाऊ पुढच्या रांगेत बसले. खंजिरी जरा तिरपी धरावी लागते, म्हणून थाप किंचित उशिरा पडते. पहिल्या भजनात टाळकऱ्यांची गडबड झाली. दुसऱ्या भजनापासून सगळ्यांनी न बोलता लय थोडी खाली आणली.