जिनिव्हाच्या पंचांपुढे ठेवायची बाटली

सुमतीअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्याच्या कोर्टात. खरं तर आधी ऐकलं. जळगावहून नवाकोरा काळा कोट घालून मी आलो होतो. एका कारकुनानं सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या एका म्हाताऱ्याला "ए, बाहेर बस" म्हटलं आणि व्हरांड्यातून आवाज आला, "अहो म्हणा! अशील आहेत ते माझे." कारकून मुकाट्यानं "अहो" म्हणाला. मग अक्का माझ्याकडे वळल्या, "तुम्ही काय बघत बसलात? उठा, यांना बसू द्या." मी उठलो, आणि त्यांच्या हाताखाली आजवर उभाच आहे.

अक्कांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथात गोड लिहायचं असतं हे मला कळतं. पण अक्कांचं काम आठवलं की आधी चीड येते. ती कशाची, हेच सांगतो.

तो म्हातारा म्हणजे खेमा आबा. धरणासाठी त्यांचं गाव उठवलं आणि माळावर वसाहत करून दिली. तिथल्या एकुलत्या हातपंपाचं पाणी तांबूस, खारट. पोरं जुलाबानं अंथरूण धरायची. अर्ज झाले, मोर्चा झाला, कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. साहेब लोक म्हणत, पाणी पिण्यालायक आहे. पिणारे मात्र त्यांच्यातले कुणी नव्हते!

अक्कांनी मग बाहेरचं दार ठोठावायचं ठरवलं. अन्न, निवारा, आरोग्य हे माणसाचे हक्क आहेत असा एक जागतिक करार आहे आणि त्यावर आपल्या देशाची सही आहे. त्याची देखरेख करणारी समिती जिनिव्हात बसते. अक्कांची रीत अशी, की कुठलीही तक्रार गावात मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय पाठवायची नाही. ती ऐकून आबांनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्याकडे पंचांपुढे नुसतं बोललेलं चालत नाही. गुरांनी पीक तुडवलं तर तुडवलेलं कणीस मध्ये आणून ठेवायचं, तेव्हा पंच तोंड उघडतात.

"कागदले काय चव ऱ्हास?" आबा म्हणाले. "बाटलीम्हा पाणी धाडा. बठ्ठास्ले चाखू द्या."

जिनिव्हातल्या सगळ्यांना हे पाणी चाखवायचं! मी हसलो. अक्का हसल्या नाहीत. कापसात गुंडाळलेली बाटली घेऊन त्या स्वतः धुळ्याच्या पोस्टात गेल्या. खिडकीतल्या बाबूंनी ती परत केली, तेव्हा नाइलाजानं नुसती तक्रार गेली. काही महिन्यांनी उत्तर आलं, फार सभ्य भाषेत. या करारात व्यक्तीची किंवा गावाची तक्रार ऐकण्याची सोय नाही, क्षमस्व.

क्षमस्व! हक्क आहे म्हणायचं, आणि तो तुडवला तर सांगायचं कुठे, तर कुठेच नाही. मतस्वातंत्र्य वगैरेंच्या जोडकराराला तक्रारीचं दार ठेवलेलं होतं, पण त्या दारासाठी लागणारी वेगळी सही आपल्या सरकारनं केलेली नव्हती. आणि पोटाच्या हक्कांना तर दारच बसवलेलं नव्हतं. बारा गावचं पाणी प्यायलेल्या मुत्सद्द्यांना एका गावच्या पाण्याची तक्रार ऐकायची सोय करता येत नाही? अक्कांनी उत्तर पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "दार नाही, तर खिडकी शोधू." सरकारच्या अहवालावर समिती प्रश्न विचारते आणि त्या वेळी संस्थांची माहितीही घेते, हे त्यांनी शोधून काढलं. त्या खिडकीतून त्यांनी वसाहतीची हकीगत आत टाकली. दिल्लीला प्रश्न गेला की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही.

दरम्यान मला कावीळ झाली. भुसावळच्या कोर्टातली माझी केस अक्कांनी जाऊन चालवली, जिंकली, आणि अशिलाला सांगितलं की सगळी तयारी माझीच होती. घरी येऊन मला रागावल्या त्या निराळ्याच.

पुढे जिल्ह्याच्या बैठकीत एका साहेबांनी पुन्हा "पाणी पिण्यालायक" म्हटलं. अक्कांनी पिशवीतून तीच बाटली काढून टेबलाच्या मधोमध ठेवली. "पंचांपुढे ठेवलंय, साहेब. घ्या." साहेबांनी हात लावला नाही. वार्ताहर बघत होते. त्या उन्हाळ्यात वसाहतीला विहीर मिळाली. उद्घाटनाला साहेब म्हणाले, गावानं सरकारचे आभार मानावेत. अक्का तिथेच उठून म्हणाल्या, "आभार कसले? देणं होतं, उशिरा दिलंत." हार न घेता त्या खेमा आबांशेजारी जाऊन बसल्या. आबांनी नव्या विहिरीचा पहिला तांब्या त्यांच्या हातात दिला.

लोक म्हणतात, विहीर मिळाली, आता भांडण मिटलं. अक्कांना ते मान्य नाही आणि मलाही नाही. ती विहीर साहेबांची लाज निघाली म्हणून मिळाली. ज्या गावाला अक्का नाहीत, त्यानं कुठे जायचं? तसं दार करावं म्हणून जिनिव्हात आता मसुद्याची चर्चा चालू आहे म्हणे. चर्चेला तहान लागत नाही, त्यामुळे ती चालूच राहते.

ती बाटली आजही अक्कांच्या कचेरीत कपाटावर आहे. तळाशी तांबडा गाळ बसला आहे. परवा मी म्हटलं, "अक्का, आता तरी टाकून द्या." त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वकील ना तुम्ही? निकाल लागेपर्यंत मुद्देमाल टाकतात का?"

अक्का, ते दार उघडेल त्या दिवशी बाटली घेऊन सर्वांत पुढे तुम्हीच हव्यात. तोवर तब्येत सांभाळा, गुडघ्यांना तेल लावा, आणि आम्हाला असंच रागवत राहा. मुद्देमाल शाबूत आहे, तो सांभाळणारीही शाबूत राहो.