ट्रॅक्टरच्या नाकावर बाबा

आमचा ट्रॅक्टर आमच्याकडे आला तेव्हाच म्हातारा होता. नांदगाव खंडेश्वरच्या एका बागायतदाराने तो वापरून, कंटाळून काढून टाकला होता आणि माझ्या थोरल्या भावाने हट्ट करून तो घरी आणला होता. सकाळी त्याला हॅंडल मारायला दोन गडी लागत. तो एकदा सुरू झाला की आईच्या फळीवरची भांडी वाजायला लागत आणि आई त्याच्या नावाने बोटं मोडायला लागे.

ही गोष्ट साठच्या दशकातली. आमचं गाव तेल्हाऱ्याकडचं, सगळी काळी जमीन. मी अमरावतीला मावशीकडे राहून मॅट्रिक झाले होते, आणि आता घरी बसून स्थळ येण्याची वाट पाहायची असा आईचा बेत होता. मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं ते आईला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नसावं.

भावाचा उजवा पाय लहानपणच्या तापात वाळला होता. तो काठी टेकत चाले, पण आमच्या ढेकळांत काठीच रुतून बसे. बाबांचं त्याच्यावर प्रेम होतं, फार होतं, पण ते सगळं काळजीच्या अंगाने बाहेर पडायचं. "शेती पायाचं काम हाये, बाबू," ते म्हणत. "तुले नाही जमत, तं त्यात लाज कायची?" अकोल्याला आमच्या मामाचं कापडाचं दुकान होतं. भावाने तिथे गादीवर बसावं, कापड मोजावं, सावलीत राहावं, असं बाबांनी मनाशी पक्कं केलं होतं. मामाही तयार होता. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवं साल सुरू होतं, शेतावरचे गडी त्या दिवशी बदलतात, त्याच दिवशी मामा येऊन भावाला घेऊन जाणार होता. मग ट्रॅक्टर कोण चालवणार? तोही विकायचा.

भावाला दुकानाचा धसका होता. दिवाळीला दोन दिवस तिथे बसला तेव्हा परत येऊन मला म्हणाला, "तिथी दिवसभर बाया रंग पाहतात अन् मी भिंत पाहतो." मला हसू आलं, पण त्याचं तोंड पाहून मी ते आवरलं.

अशात त्याने भंगारातून तो लोखंडी हात आणला. आज रस्त्यारस्त्यावर जे पिवळं खोदाईयंत्र दिसतं, त्याच्या मागचा तो लांब हात आणि टोकाचं दातेरी सुपडं. तसलंच, पण जुनं, गंजलेलं. हिवरखेडकडे कालव्याचं काम संपवून जाणाऱ्या एका ठेकेदाराने ते टाकून दिल्यासारखं विकलं होतं. तीन बैलबंड्या भरून ते आमच्या खळ्यात येऊन पडलं.

"हे कोन्तं जनावर आनलं बाप्पा?" बाबा म्हणाले.

"ट्रॅक्टरच्या मांगं लावतो, बाबा. चर खोदते. अन् पाह्य, सारं हातानं चालते. दांड्या ओढायच्या फक्त. पायाचं कामच नाही."

शेवटचं वाक्य त्याने हळूच म्हटलं. बाबांना ते बरोबर ऐकू गेलं, कारण ते बराच वेळ मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. आमच्या खालच्या वावरात दर पावसाळ्यात पाणी साचून तूर सडायची. तिथून नाल्यापर्यंत चर खणायचा दरवर्षी विचार व्हायचा आणि दरवर्षी राहून जायचा. "खोद मंग थो चर," बाबा म्हणाले. "अखजीच्या आत निघाला तं ठीक. नाही तं मुकाट्यानं मामासंगं जाजो."

जोडणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी कळलं की तो हात दुसऱ्याच कुठल्या ट्रॅक्टरसाठी घडवलेला होता. त्याची चौकट रुंद, आमच्या म्हाताऱ्याची मागची बाजू अरुंद. एकाही भोकासमोर भोक येईना. गावच्या लोहाराकडून जाड पट्ट्या ठोकून घेतल्या, अकोल्याच्या लेथवरून बोल्ट करून आणले. भावाला पायामुळे ट्रॅक्टरखाली सरकता येत नसे, म्हणून खाली मी. पाठीखाली पोतं टाकून मी पडायची, तो वरून बोल्ट घालायचा आणि मी खालून नट धरायची. "धरलं काय?" "धरलं." "मंग फिरून काहून राह्यलं?" "तुमच्याच हातानं फिरून राह्यलं!" आमचं असं अख्खं दिवसभर चाले. आईने एकदा माझे तळवे पाहिले आणि कपाळाला हात लावला. त्या आठवड्यात एक स्थळ पाहायला येणार होतं. तिने मला लिंबू आणि राखेने हात घासायला बसवलं. काळं काही निघालं नाही. स्थळही पुढे काही बोललं नाही, आणि मला अतिशय बरं वाटलं.

तेलाच्या नळ्या जुन्या होत्या. एक फुटत होती तिला भावाने सायकलची ट्यूब गुंडाळली. दांडी ओढल्याबरोबर ट्यूब फाटून सगळं तेल माझ्या तोंडावर. तेव्हा कुठे त्याने अकोल्याहून नव्या नळ्या आणि त्यांच्याबरोबर एक फिटर आणला. फिटर दिवसभर चहा पीत, विडी ओढत, आमच्या कामाला नावं ठेवत होता, पण नळ्या त्याने घट्ट बसवल्या. जाताना म्हणाला, "पीछे बहुत भारी हो गया है. आगे वजन बांधना, नहीं तो खडा हो जाएगा."

ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. ट्रॅक्टर खळ्यात हलवून पाहतानाच त्याची पुढची चाकं जमिनीवरून सुटायला लागली होती. आमच्याकडे बंडीचा भार मागे गेला की बंडी 'उलार' झाली म्हणतात, आणि उलार बंडीचं काय करायचं ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: एखादा जाडजूड माणूस पुढे धुरेवर बसवायचा.

"दगड बांधू पुढं," भाऊ म्हणाला.

"दगडाले अक्कल असते काय?" बाबा म्हणाले. "चढ लागला, उतार लागला, तं दगड मांगं-पुढं सरकते काय? मानूस सरकते." आयुष्यभर कापसाच्या बंड्या हाकलेला माणूस तो. वाद घालणार कोण! गावातला सगळ्यात जड माणूस कोण, हाही प्रश्न नव्हता. बाबांनी ट्रॅक्टरच्या नाकावर घोंगडी टाकली, दोन दिव्यांच्या मधे पाय सोडले आणि बसले. सवयीने हातात बैल हाकायची तुतारी होती. मी पदर तोंडात कोंबला.

खरं सांगते, सुरुवातीला ते छान जमलं. ट्रॅक्टर तोंड खाली करून शहाण्यासारखा उभा राहिला. भाऊ मागच्या सीटवर, चराकडे तोंड करून बसला. एक दांडी ओढली, हात लांब झाला. दुसरी ओढली, सुपडं काळ्या मातीत शिरलं आणि भरून वर आलं. भावाची बोटं त्या दांड्यांवर इतकी मऊ फिरत होती की मी पाहतच राहिले. काठीशिवाय, कोणाचा हात न धरता, तो एका जागी बसून दहा माणसांचं काम करत होता. बाबांना मात्र यातलं काही दिसत नव्हतं, कारण त्यांची पाठ तिकडे होती. ते समोर पाहून, मागे माती पडल्याचा आवाज आला की मान डोलवत होते.

मग खालचा मुरूम लागला. सुपडं त्यात रुतलं. भावाने ते वर ओढायला दांडी खेचली. सुपडं येईना, आणि त्याच्याऐवजी ट्रॅक्टरचं नाक वर जायला लागलं. बाबांसकट. उलार बंडीवर करतात तसे बाबा आणखी पुढे सरकले. नाक आणखी वर. भाऊ मागे तोंड करून बसलेला, त्याला काहीच पत्ता नाही. मी "बाबा, बाबा!" ओरडत धावले, पण इंजिनच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. बाबा आता माणसाच्या उंचीवर, तुतारी आभाळाकडे. तेवढ्यात मुरूम सुटला. नाक धाडकन खाली आलं आणि बाबा समोरच्या नांगरलेल्या मऊ मातीत जाऊन बसले.

भावाने इंजिन बंद केलं. वळून त्याने पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. बाबांना लागलं असेल ही भीती होतीच. पण आता सगळं संपलं, हेही त्याच्या तोंडावर सरळ लिहिलेलं होतं.

बाबा त्या मातीत बसून होते. मिशीत माती, पागोटं कुठच्या कुठे. त्यांनी कंबर चाचपली, मग मान वळवून पहिल्यांदाच तो चर पाहिला. बराच वेळ पाहिला. सरळ, खोल, कडा चाकूने कापल्यासारख्या.

"हे तूच खोदलं?"

"होय, बाबा."

"एकल्यानं?"

"तुमी बसले होते ना पुढं."

बाबा उठले, धोतर झटकलं. "मी आज बसलो. रोज थोडीच बसनार हाव?" ते म्हणाले. "उद्या लोहाराकडून पेटी ठोकून आन अन् भर दगडं. अर्धा चर असाच ठेवतं काय?"

चर अखजीच्या आधी नाल्याला जाऊन भिडला. ट्रॅक्टरच्या नाकावर दगडांची पेटी होती, आणि ती बाबांच्या अकलेवर अजिबात अवलंबून नव्हती हे आईने गावभर सांगितलं.

ठरल्याप्रमाणे अखजीला मामा आला. सांजोऱ्या झाल्या, जेवणं झाली, पान झालं. मामाने घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "कोठी हाय भाचा? तयारी झाली काय त्याची? शेवटची मोटर निंगून जाईन."

शेजारच्या पाटलाने सणाच्या दिवशीच भावाला आपल्या वावरात चर खोदायला बोलावून नेलं होतं. दूरवरून आमच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरची धडधड ओसरीपर्यंत ऐकू येत होती. बाबांनी तिकडे कान दिला, मिशीवरून हात फिरवला आणि मामाला सांगितलं, "थो कामावर गेला हाये. माह्या पोराले आता टाइम नाही."

मी आतल्या घरात गेले आणि भाऊ दुकानातून सुटला या आनंदात मनसोक्त रडले.